आठ आण्याचं भूत

आई, तुझी नात गेला महिनाभर रोज दुपारी एक भुताचा सिनेमा बघते आणि संध्याकाळी जेवायला बसलं की त्याचं परीक्षण मला वाचून दाखवते. तू तिला पाहिलेलं नाहीस. तू गेलीस तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, लग्न तर लांबच, माझा पासपोर्टसुद्धा काढलेला नव्हता. आता मी सिडनीच्या पश्चिमेला क्वेकर्स हिल नावाच्या भागात राहतो, बाबांचे होते त्याहून जास्त केस पांढरे झालेत, आणि मुलगी आठवीत आहे. इथे ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविन असतो. लहान मुलं भुताखेतांचे कपडे घालून दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात. जरा मोठी झाली की ते सोडून देतात आणि महिनाभर भीतीचे सिनेमे बघतात. हिच्या वर्गातल्या चार-पाच मुलींनी तसं ठरवलंय, रोज एक सिनेमा आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर त्याचं परीक्षण. शाळा घरूनच चालू आहे, कारण दीड-दोन वर्षांपासून जगभर एक साथ आहे आणि आमच्या भागात ती जरा जास्तच पसरली. मधे कित्येक आठवडे घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा नियम होता. पेंडल हिलची देशी दुकानं त्या पाचाच्या बाहेर, त्यामुळे गोडा मसाला संपला तो संपलाच. इथे ऑक्टोबर म्हणजे वसंत. संध्याकाळी सातपर्यंत लख्ख उजेड असतो, रस्त्यावर जॅकरांडाचा जांभळा सडा पडलेला असतो, भुतांना अंधार म्हणून मिळत नाही. म्हणून ती हॉलचे पडदे ओढून घेते, कडेच्या फटीवर टॉवेल अडकवते आणि मग बसते.

तुझी सूनही तुला ठाऊक नाही. ती पुण्याची, माझ्याबरोबर इथल्या युनिव्हर्सिटीत होती. साथ येण्याच्या अगदी आधी तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून ती तीन आठवड्यांसाठी पुण्याला गेली. आम्ही दोघं तिला एअरपोर्टवर सोडून आलो, आणि ती तिकडे जरा रुळते न रुळते तोच विमानं बंद झाली. आधी वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे. मग तिकीट मिळायचं आणि रद्द व्हायचं, पुन्हा मिळायचं, पुन्हा रद्द. असं करता करता वर्ष उलटलं. ती फोनवरून मुलीचा अभ्यास घ्यायची, मला आमटीत पाणी किती घालायचं ते सांगायची. दुसऱ्या उन्हाळ्यात पुण्यात कहर झाला. तिला ताप आला, खटपटीने दवाखान्यात खाट मिळाली, आणि तिथून ती घरी आली नाही. माझा मेव्हणा फाटकाबाहेर उभा होता. त्याला आत सोडलं नाही. बांधून बाहेर आणलं ते त्याने रस्त्याच्या पलीकडून पाहिलं, पुढचं सगळं महापालिकेच्या माणसांनी केलं. आम्हाला जाता येणं शक्यच नव्हतं. इथले मित्र आले, डबे घेऊन आले, बसले. पण थोड्याच दिवसांत इथेही टाळं लागलं आणि येणारी माणसं थांबली. मग घरात मी, मुलगी, आणि कपाटात तुझ्या सुनेच्या साड्या.

त्यामुळे पोरगी सिनेमे बघायला लागली तेव्हा खरं तर मला बरं वाटलं. निदान काहीतरी करतेय. कित्येक महिने ती खोलीत पडून असायची, विचारलं की "आय ॲम फाइन, बाबा." परीक्षणं ती इंग्रजीत लिहिते आणि छान लिहिते. कॅमेरा कुठे लबाडी करतो, गाणं कधी उगाच घाबरवतं, घरातली माणसं तळघरातच का जातात, सगळं पकडते. शेवटी पाचपैकी भोपळे देते, कारण इथे हॅलोविनचं चिन्ह भोपळा. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अगं, आमच्या शाळेत भोपळा मिळाला म्हणजे शून्य." तर म्हणते, "सो फाइव्ह पम्पकिन्स म्हणजे फाइव्ह टाइम्स फेल?" आणि तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मी त्या कोपऱ्यावर दोन दिवस काढले.

पण आठवड्याभराने मला त्या भोपळ्यांची मेख कळायला लागली. नावाजलेल्या, खरोखर थरकाप उडवणाऱ्या सिनेमांना ती दोन द्यायची, दीड द्यायची. आणि एखाद्या भिकार, मेणाच्या मुखवट्यांच्या सिनेमाला एकदम साडेचार. मी कारण विचारायचो, ती खांदे उडवायची. मग एका संध्याकाळी तिने एका सिनेमाचं वाचून दाखवलं. त्यात एक बाई समुद्रात बुडून मरते आणि काही दिवसांनी रात्री घराचं दार वाजवते. अर्धा चेहरा माशांनी खाल्लेला, अंगातून पाणी गळतंय. बाप मुलाला ओढतो, उघडू नको म्हणतो, मुलगा दार उघडतो आणि तिच्या गळ्यात पडतो. शेवटची ओळ ती वाचत होती, मी भात कालवत होतो. "ती आली, एवढं पुरे आहे. पाच भोपळे." माझा हात ताटातच राहिला. आधीची सगळी परीक्षणं माझ्या डोक्यात झरझर उलगडली. जिथे मेलेलं माणूस परत येतं तिथे चार, साडेचार, पाच. जिथे शेवटी कळतं की भूत नव्हतंच, कुणाचा तरी कट होता, तिथे एक.

मी म्हटलं, "बास झालं हे आता. उद्यापासून बघायचं नाही."

"व्हाय?"

"तुला झोप लागत नाही याने."

"आय स्लीप फाइन. तुलाच झोप येत नाही. मला ऐकू येतं तू किचनमध्ये फिरतोस ते."

"ते वेगळं. पण हे असलं बघून तुझ्या मनात नको नको ते येतं."

तिने चमचा खाली ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती अगदी हळू बोलली. "नोबडी सॉ, बाबा. तू नाही पाहिलं. मामाने पण नाही पाहिलं, त्याने एक बॅग पाहिली. मग तुला कसं माहिती?" आणि पुन्हा म्हणाली, "हाउ डू यू नो?"

मी उठलो आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. वाळत घातलेले कपडे काढायचं निमित्त केलं. आणि तिथे, आई, इतक्या वर्षांनी मला तू नीट दिसलीस.

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. सकाळी दाढी करताना मोरीच्या उंबऱ्यावर कोसळले, गालाला साबण तसाच. तू सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होतीस, तेव्हा बाहेरगावचा फोन ऑपरेटरकडून जोडून घ्यावा लागायचा. त्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं आणि तू पदर खोचून शेजारच्या डॉक्टरांच्या घरी गेलीस, तिथल्या फोनवरून आपल्याच एक्स्चेंजला लावलास आणि बार्शी, मिरज, नगर, एकेक नातेवाईक जोडून घेतलास. मी तुझा पदर धरून उभा होतो. तुझा आवाज ड्यूटीवर असायचा तसाच होता, सपाट आणि स्वच्छ. "हो, आज सकाळी. निघा." तेरावं झाल्यावर लगेच कामावर गेलीस. तिथे कानाला हेडफोन लावून तू दिवसभर लोकांच्या लाइनी जोडायचीस, त्यात कुणाच्या तरी मरणाचा अर्जंट कॉल असायचाच. ऑपरेटरने रडायचं नसतं. घरी आल्यावर पहिले काही महिने राहायला आलेली आत्या असायची, आजोबा असायचे, भिंतीपलीकडे बिऱ्हाड असायचं. तिथेही तू रडली नाहीस. आत्या म्हणायची, "वहिनींचं काळीज दगडाचं."

आणि मग तू मला घेऊन भुताच्या सिनेमांना जायला लागलीस. सकाळची पाळी दुपारी सुटायची, तू शाळेच्या फाटकात उभी असायचीस, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पुड्यातली शेंगाची चटणी आणि भाकरी. थेटरात तीनचा खेळ. जुनेपाने सिनेमे, पांढऱ्या साडीतल्या बायका, करकरणारी दारं, धूर. मी डोळे गच्च मिटून घ्यायचो, तर तू कानात सांगायचीस, "डोळे नको मिटू, कान झाक. भीती कानातून येते, बघ." आणि खरंच, कान झाकले की पडद्यावरचं भूत नुसतं तोंड वेडंवाकडं करणारं माणूस दिसायचं. मला त्याची मजा वाटायला लागली. पण तू स्वतः कान झाकत नव्हतीस. भूत आलं की तू ओरडायचीस. बाकीच्या बायका ओरडायच्या तसं "अगं बाई" नाही. पोटातून, लांबलचक, मान मागे टाकून. पुढच्या रांगेतली पोरं हसायची, मागून कुणीतरी शिट्टी मारायचं, मग दुसऱ्या बायकाही ओरडायच्या आणि तुझा आवाज त्यात मिसळून जायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा बाहेर पडल्यावर मी विचारलं, "तू एवढी का ओरडतेस गं?" तू चष्मा पुसत होतीस. म्हणालीस, "तिकीट काढून ओरडते की. फुकट ओरडते का कुणाच्या घरात?"

बातमी आत्यापर्यंत गेलीच. ती बार्शीहून आली आणि पदर डोक्यावर ओढून चुलीपाशी बसून राहिली. "वहिनी, दादाचं वर्षश्राद्ध व्हायचंय अजून. आणि तुम्ही पोराला घेऊन भुतं बघत फिरता?" तू पोळी लाटत होतीस, लाटणं थांबलं नाही. "देव बघायला सगळ्यांबरोबर जाते की," म्हणालीस. "भुतं बघायला पोराला घेऊन एकटी जाते. तेवढं असू दे." आत्या तुझ्या पोळ्या मात्र जेवली.

आणि तूसुद्धा परीक्षण करायचीस, आई! हे मी विसरूनच गेलो होतो. सुट्टीच्या दिवशी मला तू एक्स्चेंजमध्ये घेऊन जायचीस, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवायचीस. दुपारी कॉल कमी झाले की बार्शीची ऑपरेटर लाइनवर यायची, तुम्ही एकमेकींना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, आणि ती विचारायची, "काय मग, या आठवड्याचं भूत कसं होतं?" तू सगळी गोष्ट सांगायचीस आणि शेवटी भाव लावायचीस. "चार आण्याचं होतं. उगाच येतं, उगाच जातं." नाहीतर, "आठ आण्याचं. बाई परत का आली ते पटलं, पण आल्यावर काय करायचं ते तिलाच कळेना." आठ आण्याच्या वर तू कुठल्याही भुताला कधी गेली नाहीस. मला वाटायचं, आई फार कडक आहे. अंगणात हातावर टॉवेल घेऊन उभा असताना मला वाटलं, तू तिकडे दर आठवड्याला कुणाची तरी वाट बघायला जात होतीस, आणि जे येत होतं ते दर वेळी दुसरंच कुणीतरी असायचं.

मी आत गेलो. ती ताटं धूत होती. मी म्हटलं, "उद्या मीपण बसतो तुझ्याबरोबर."

"तू घाबरशील."

"हो, घाबरेन."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसची मीटिंग आटपून लॅपटॉप बंद केला आणि पडदे ओढलेल्या हॉलमध्ये सोफ्यावर तिच्या शेजारी बसलो. वीस वर्षं मी असला सिनेमा बघितला नव्हता. पाऊण तास काहीच झालं नाही, आणि मग कपाटातून नुसता एक हात बाहेर आला. मी ओरडलो. इतका, की तिच्या मांडीवरचं पॉपकॉर्न उडालं. आणि ओरडायला सुरुवात झाल्यावर मला थांबताच येईना, आई. हात कधीच आत गेला होता. ती माझा दंड धरून "बाबा, बाबा, इट्स जस्ट अ हँड!" म्हणत होती. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या म्हाताऱ्याची हाक आली, "यू ऑल राइट इन देअर, मेट?" तिने धावत जाऊन खिडकी उघडली. "सॉरी! डॅड इज वॉचिंग अ मूव्ही!" म्हातारा म्हणाला, "नो वरीज, लव्ह," आणि त्याचं कुत्रं भुंकायला लागलं. ती परत आली, सोफ्यावर पडली आणि पोट धरून हसली. तिचं हसू मी किती महिन्यांनी ऐकत होतो ते मला सांगता येणार नाही. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसू राहिलं नाही. मी तिला जवळ घेतलं नाही, नुसता बसून राहिलो, तिने पुन्हा माझा दंड धरला होता म्हणून.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही दोघं. मी तिला तुझे आणे सांगितले. "व्हॉट्स अ आणा?" तिने विचारलं. मी समजावलं की रुपयाचे सोळा, चांगलं झालं तर सोळा आणे. तिला ते भोपळ्यांपेक्षा आवडलं. मैत्रिणींना कळेना, ग्रुपवर सगळ्या विचारायला लागल्या, तर हिने लिहिलं, "माझ्या आजीची पद्धत आहे, ती टेलिफोनवर रिव्ह्यू द्यायची." तुझ्याबद्दल तिने पहिल्यांदाच कुणाला काही सांगितलं.

हॅलोविनच्या दिवशी रविवार होता. निर्बंध सैल झाले होते, पण कुणी कुणाच्या दारात यायचं नाही असं गल्लीत ठरलं होतं, म्हणून प्रत्येकाने गोळ्यांच्या पुड्या चिमट्यांनी कुंपणाला लावायच्या होत्या. आम्ही दुपारी शेवटचा सिनेमा बघितला. त्यात कुणीच परत येत नव्हतं. एक नवरा वर्षभर घरातल्या आवाजांच्या मागे फिरतो, आणि ते आवाज पाइपातल्या पाण्याचे निघतात. नावं सरकायला लागली तरी ती हलली नाही. मग पडद्याकडे बघतच म्हणाली, "तू मला अजून सांगितलं नाहीस. हाउ यू नो."

आणि मी सांगितलं. तिची आई गेली त्या दिवशी पाऊस होता, म्हणून मी पोरीला शाळेतून आणायला गेलो होतो आणि फाटकासमोर गाडीत बसलो होतो. मेव्हण्याने आतल्या एका सिस्टरला विनवून फोन लावून दिला होता, सिस्टरने तो तुझ्या सुनेच्या कानाशी धरला होता. "मी पाहिलं नाही," मी म्हटलं, "पण मी ऐकत होतो. मी लाइनवर होतो." तिकडून मास्कमधल्या हवेचा आवाज येत होता, आणि मी बोलत होतो. काय बोललो म्हणशील तर डिशवॉशर दुरुस्त झाला ते सांगितलं, लिंबाच्या झाडाला फुलं आली ते सांगितलं. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मग सिस्टर लाइनवर आली आणि म्हणाली, "साहेब, आता ठेवा फोन. त्या गेल्या." मी फोन ठेवला, शाळेची घंटा झाली, आणि ही भिजत येऊन गाडीत बसली.

ती माझ्याकडे वळली. "तो दिवस? मी चिप्स मागितले होते तो?"

"हो."

"आणि तू घेऊन दिलेस."

"हो."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाहेर एखाद-दुसरं लहान भूत आईबापाचा हात धरून उन्हातून निघालेलं ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने तिने हात काढले आणि विचारलं, "डिड शी से एनिथिंग? माझं नाव घेतलं?"

"घेतलं."

"कसं?"

"ती हाक मारायची ना तुला, शेवटचं अक्षर लांबवून. तसं."

"लांबवून?"

"हो. लांबवून."

तिने मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. मग ओठ न हलवता आपल्याशीच तिने ते नाव म्हणून बघितलं असावं, कारण तिचा गळा हलला. थोड्या वेळाने उठून पडदे उघडले, टॉवेल काढून त्याची घडी घातली, तोंड धुऊन आली आणि गोळ्यांच्या पुड्या आणि चिमटे घेऊन कुंपणाशी गेली. त्या सिनेमाला तिने बारा आणे दिले. त्या रात्री ती गाढ झोपली. मी दोनदा जाऊन बघून आलो.

आई, हे पत्र मी मराठीत लिहितोय, कारण तिला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही, आणि एवढी एक गोष्ट तिच्या हाती लागायला नको. तिच्या आईने नाव घेतलं नव्हतं. तिचं नाही, माझं नाही. ती काहीच बोलली नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती हवा येत-जात होती. मी तिला खोटं सांगितलं. आणि तिने पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच सांगणार आहे.